गुरमीत चॅटर्जीचं पासिंग

धुळे, ९ जून २०२४

देवचंदभाऊ,

सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण मी फोनवर बोललो की भागाबाई शेजारी येऊन बसते. आणि ग्रुपवर टाकलं तर दोन्हीकडच्या बठ्ठ्या नातेवाइकांत हसं होईल. विषयच लाजिरवाणा आहे. मी बास्केटबॉलची टीम चालवतो.

मार्चमध्ये तुमचा जावई, म्हणजे आमचा प्रशील, पुण्याहून आला होता. मी एस.टी.च्या माइकवरून निवृत्त झाल्यापासून घरातच गाड्या पुकारतो, अशी त्याच्या आईने तक्रार केली. म्हणून प्रशीलने माझ्या मोबाइलवर एक ऑनलाइन गेम टाकून दिला. त्यात बॉलला हात लावायचा नसतो. आपण नुसते मॅनेजर. कॉम्प्युटर बारा खोटे खेळाडू देतो. त्यांना काय शिकवायचं, कोणाला कुठे उभं करायचं, ते आपण ठरवून ठेवायचं आणि आठवड्यातून दोन सामने होतात ते बघायचे. माझ्या टीमचं नाव पांझरा पँथर्स. बावीस सामने झाले, बावीसही हरलो.

शिकवायच्या यादीत एक नाव होतं, 'फ्री थ्रो'. मला वाटलं, फुकट मिळतंय तर घ्यावं. सात आठवडे तेच शिकवलं. आठव्या आठवड्यात कळलं, की समोरच्याने धक्का दिला तर जी मोकळी फेक मिळते तिला फ्री थ्रो म्हणतात. आता माझ्या पोरांना कोणी धक्का दिला तर ते बरोब्बर बास्केटमध्ये टाकतात. पण त्यांना धक्का द्यायची गरजच कोणाला पडत नाही. ते आपणहून बाजूला होतात.

काल आमच्या लीगच्या यादीत तिसऱ्या नंबरावर 'वरणगाव वज्र' दिसली. मॅनेजर देवचंद सुरवाडे, जळगाव. म्हणजे पोराने तुम्हालाही या नादाला लावलं तर! मला काहीतरी शिकवा. भागाबाई दर शनिवारी विचारते, "आज बी हारनात का तुमना पोरे?"

आपला व्याही,
अमृत बैसाणे


जळगाव, १६ जून २०२४

अमृतभाऊ यांस जय भीम.

तुमचं पत्र मी कपाटाच्या मागे उभं राहून वाचलं. आमच्या बेबाबाईला वाटतं की मी मोबाइलवर बँकेचं काम करतो.

तिसरा नंबर पाहून हुरळू नका. पहिले दोन महिने मी तळाला होतो. गेममध्ये 'गार्ड' म्हणून एक जागा असते. मी चौतीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत काढली. गार्ड म्हटलं की डोळ्यांसमोर गेटवरचा उंच माणूस. मी सात फुटी खेळाडू शोधून तिथे उभा केला. त्याचं काम असतं धावायचं, बॉल पुढे न्यायचा, दुसऱ्याला द्यायचा. तो बिचारा गेटवर उभा असल्यासारखा उभा राहिला आणि सगळे त्याच्या पायांखालून आत गेले.

आता नियम सांगतो. एका आठवड्यात एकच कौशल्य शिकवता येतं आणि एकाच जागेला. म्हणजे पासिंग गार्डला शिकवायचं ठरवलं, तर त्या आठवड्यात जो पूर्ण सामना गार्डच्या जागी खेळला त्यालाच ते लागू होतं. बाकीचे कोरडे. अठरा-वीस वर्षांचे भरभर शिकतात, तिशीच्या पुढचे जवळपास शिकतच नाहीत. पासष्टीच्या मॅनेजरांबद्दल गेममध्ये काही लिहिलेलं नाही. कौशल्याला आकडे नाहीत, इंग्रजी शब्द आहेत. त्यांचं मी वहीत मराठी केलंय: केविलवाणा, सुमार, बरा, चांगला, पक्का.

माझ्याकडे अठरा वर्षांचा एक गार्ड जास्तीचा आहे, तो बाजारात टाकतो, तुम्ही लगेच उचला. कॉम्प्युटरने त्याचं नाव ठेवलंय गुरमीत चॅटर्जी. असली सोयरीक मी अजून पाहिलेली नाही. पासिंग केविलवाणं आहे, पण शिकेल. जागा बदलू नका. धीर धरा.

आपला,
देवचंद


धुळे, ४ ऑगस्ट २०२४

देवचंदभाऊ,

जय भीम. गुरमीतचं पासिंग 'सुमार' झालं! शुक्रवारी निकाल लागला आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की भागाबाईला वाटलं, मला चक्कर आली. तिने पाणी मारलं. ओल्या सदऱ्याने मी तिला सगळं कबूल करून टाकलं.

आपण एक सामना जिंकलो. खरं सांगायचं तर समोरच्या मॅनेजरने गेम सोडून दिला होता आणि त्याचे निम्मे खेळाडू जखमी होते. तरी सहाच गुणांनी जिंकलो. पण जिंकलो.

आमची सून वृषाली तिकडे आल्याचं ग्रुपवरच्या फोटोत दिसलं. राहू द्या महिनाभर. पुण्याचं पाणी तिला मानवत नाही असं मला नेहमी वाटतं. प्रशीलला ऑफिसचं काम फार आहे.

आपला व्याही,
अमृत


जळगाव, ११ ऑगस्ट २०२४

अमृतभाऊ,

विजयाबद्दल अभिनंदन. मी या आठवड्यात दोन सामने हरलो. माझ्या सात फुटी माणसाला मी रिबाउंड शिकवत होतो. हुकलेला बॉल खाली येताना उडी मारून पकडायचा असतो. सहा आठवड्यांनी लक्षात आलं, मी सराव लावला होता गार्डच्या जागेला आणि हा खेळत होता बास्केटखाली. म्हणजे शिकवणी एका वर्गात आणि विद्यार्थी दुसऱ्या वर्गात. फॅक्टरीत मी माल तपासणारा होतो, हे कृपया कोणाला सांगू नका.

वृषालीला ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आहे, म्हणून ती इकडे आहे. बाकी काही नाही.

देवचंद


धुळे, २२ सप्टेंबर २०२४

देवचंदभाऊ,

जय भीम. आज तक्रारीचं पत्र आहे, रागावू नका.

तुमच्या घरून आलेलं म्हणून मी मोठ्या कौतुकाने घेतलं, पण खरं सांगू, मन रमत नाही त्याचं इथे. एका जागी टिकेल तर वाढ होईल ना! गेल्या महिन्यात एक जागा, आता दुसरी. अशाने ना इकडचं धड, ना तिकडचं. तिकडे तुमच्याकडेच लाड झाले असतील. परत घेऊन जायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी अडवणार नाही.

भागाबाईचा बेबाबाईंना नमस्कार.

अमृत


जळगाव, २६ सप्टेंबर २०२४

श्री. बैसाणे,

पत्र मिळालं. माझ्या मुलीबद्दल बोलायचं असेल तर सरळ बोला. लाड झाले की नाही ते मला विचारायचा अधिकार तुम्हाला नाही. ती तुमच्या घरून आली ती उगाच आलेली नाही. आठ-आठ दिवस घरात कोणी तिच्याशी एक शब्द बोलत नसे. मारझोड नाही, शिवी नाही, नुसती शांतता. ती परत येणार नाही. तुम्ही अडवणार नाही म्हणता, आभारी आहे.

दे. सुरवाडे


धुळे, १ ऑक्टोबर २०२४

देवचंदभाऊ,

तुमचं पत्र मी दारातच वाचलं आणि दारातच बसलो.

अहो, मी गुरमीतबद्दल लिहिलं होतं! माझा दुसरा खेळाडू जखमी झाला, म्हणून मी त्याला दोन आठवडे दुसऱ्या जागी खेळवला आणि त्याचं पासिंग तिथेच अडकलं. चूक माझीच, पण खापर त्याच्यावर फोडत होतो. नाव लिहायला विसरलो. तीस वर्षं माइकवर बोलायचं काम केलं, तरी कोणत्या गाडीबद्दल बोलतोय तेच सांगायचं राहून गेलं.

आता दुसरं. मला माहीत होतं. प्रशीलने जुलैमध्येच सांगितलं की वृषाली गेली. तुम्हाला ती सुट्टीवर आलीय असंच वाटत असेल, उगाच कशाला घोर लावायचा, म्हणून पुण्याचं पाणी वगैरे लिहिलं. तुमचं 'घरून काम' वाचून मला बरं वाटलं होतं, की चला, देवचंदभाऊंना अजून पत्ता नाही.

तुम्ही लिहिलेली ती शांतता मला ओळखीची आहे, भाऊ. डेपोत मी दिवसभर बोलायचो, घरी आलो की तोंड बंद. पोरगा ते पाहतच मोठा झाला. वृषालीला सांगा, आबाला वाईट वाटलं. नाही तर नका सांगू. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

अमृत


जळगाव, ९ ऑक्टोबर २०२४

अमृतभाऊ,

जय भीम. मी तुमचं ते पत्र पुन्हा काढून वाचलं. 'तिकडे तुमच्याकडेच लाड झाले असतील'. गुरमीतचे लाड! मी चष्मा काढून ठेवला. हसत होतो की काय करत होतो, मलाच कळेना. माझ्या २६ तारखेच्या पत्राबद्दल माफी मागतो.

वृषालीने काल आणखी एक सांगितलं. ती जुलैत आमच्याकडे आली, पण त्याआधी वर्षभर पुण्यातच मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहत होती. दिवाळीला दोघं आपल्याकडे जोडीने आले, ते ठरवून. ग्रुपवरचे फोटोही ठरवून. आपण दोघं खोट्या खेळाडूंचा थकवा दिवसातून तीनदा तपासत होतो, आणि हे आपल्याला दिसलं नाही. मुलगा लांब पुण्यात म्हणून तुम्ही सुटाल; मुलगी तीन महिने माझ्याच घरात होती. माझ्याकडे तेवढीही सबब नाही.

दोघं संमतीने वेगळं व्हायचा अर्ज देणार आहेत. भांडण नाही. आपणही करायचं नाही. जमेल ना?

देवचंद


जळगाव, ९ मार्च २०२५

अमृतभाऊ यांस जय भीम.

ऑक्टोबरनंतर तुमचं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. कसं लिहावं ते कळत नव्हतं. फेब्रुवारीत कोर्टाचा निकाल लागला. वृषाली आता इकडेच एका पाइप कंपनीच्या ऑफिसात जाते. तुमच्या नावाआधी काय लिहायचं, यावर एक आंतरदेशीय पत्र खराब केलं. हे दुसरं.

लिहायचं कारण वेगळं आहे. पांझरा पँथर्स तीन आठवडे झाले, उघडी पडली आहे. कोणी टीम लावत नाही. काल तर तुमचे पाचच खेळाडू खेळले आणि त्यातला एक जखमी. गुरमीतला सराव नाही. आणखी दोन आठवडे असंच राहिलं तर गेम टीम काढून घेईल. त्याचं मला काही नाही. तुमची तब्येत कशी आहे ते कळवा. फोन लावला तर बंद लागतो.

देवचंद


धुळे, १४ मार्च २०२५

देवचंदभाऊ,

तब्येत ठणठणीत आहे. फोन बादलीत पडला. दुकानदाराने दुरुस्त केला, पण आतलं सगळं पुसलं गेलं. गेम पुन्हा टाकला तर तो पासवर्ड मागतो. मला पासवर्ड कधी माहीतच नव्हता. प्रशीलने टाकला होता, फोनला पाठ होता, माझं आपलं चाललं होतं.

प्रशीलला विचारा म्हणाल. आमचं बोलणं नाही. निकालानंतर तो आला होता. मी त्याला काय काय बोललो, ते लिहायची लाज वाटते. शेवटी म्हणालो, या घरात पाऊल ठेवू नको. एरवी घरात माझ्या तोंडून चार शब्द निघत नाहीत, आणि निघाले ते असे. तो गेला. भागाबाई माझ्याशी कामापुरतं बोलते.

जाऊ द्या ती टीम. तसाही मी शेवटून दुसरा होतो.

अमृत


जळगाव, २४ मार्च २०२५

अमृतभाऊ,

जय भीम. काल न कळवता तुमच्या दारात येऊन उभा राहिलो, त्याबद्दल माफ करा. आधी कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. भागाबाईंनी मला पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला, मग आठवलं असेल, की आता त्याची गरज आहे का? पण तसाच राहू दिला. शेवभाजी फार चांगली होती.

मी प्रशीलला फोन लावतो म्हटल्यावर तुम्ही पिशवी घेऊन बाजारात निघून गेलात. भाजी तर घरात भरपूर होती. तुमच्या मागे काय झालं ते तुम्ही आल्यावर विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नुसता पासवर्डचा कागद हातात दिला. आता सांगतो.

त्याने फोन उचलला आणि जावयाच्या जुन्या सवयीने म्हणाला, "हां पप्पा." मग म्हणाला, "काका, सगळे बरे आहेत ना?" घाबरला होता. मी म्हटलं, "तुझ्या घरी बसलोय, धुळ्याला. तुझ्या आबांची टीम मरायला लागलीय. पासवर्ड सांग."

तो मग म्हणाला, "लिहून घ्या. सगळी छोटी अक्षरं. ए, बी, ए..." मी एकेक अक्षर लिहीत गेलो. फॅक्टरीतली सवय, अर्थ न पाहता अक्षर तपासायचं. संपल्यावर सलग वाचलं: abajinkle. आबा जिंकले.

मी विचारलं, "हे कधी ठेवलंस?" म्हणाला, "पहिल्याच दिवशी. त्यांना सांगितलं नाही, चिडतील म्हणून." मग विचारलं, "किती सामने जिंकले ते?" मी खरं सांगितलं, तीन. तो हसला. मग म्हणाला, "काका, मला वृषालीशी बोलता येत नव्हतं. भांडण झालं की मला काही सुचायचंच नाही. मी लॅपटॉप उघडून बसायचो. ती काही चुकीचं बोलत नव्हती." हे माझ्या मुलीने ऐकायला हवं होतं, दोन वर्षांपूर्वी. मी बापच आहे तिचा, मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "बाबासाहेबांच्या जयंतीला घरी ये." तो म्हणाला, "आबांनी येऊ नको सांगितलंय." मी म्हटलं, "तुझे आबा सात आठवडे फ्री थ्रो शिकवणारे गृहस्थ आहेत. त्यांचं सगळंच मनावर घ्यायचं नसतं."

हे मी तुम्हाला न विचारता बोललो. पटलं नसेल तर कळवा.

घरी आल्यावर वृषालीला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. मग एवढंच म्हणाली, "आबांची टीम वाचली ना?"

देवचंद


धुळे, १७ एप्रिल २०२५

देवचंदभाऊ,

जय भीम. प्रशील आला होता. जयंतीच्या दिवशी सकाळीच आला, पांढरा सदरा घालून. दारात थांबला. मी म्हटलं, "चप्पल आत ठेव, कुत्रं नेतं." दोन महिने मनात काय काय जुळवलं होतं, आणि निघालं हे.

दिवस माणसांत गेला. आमचं बोलणं व्हायची वेळच आली नाही, आणि खरं तर मी ती येऊ दिली नाही. मिरवणुकीत मी पुढे, तो मागे. दुसऱ्या दिवशी त्याची चारची गाडी होती. जेवण झालं आणि आम्ही दोघंच पुढच्या खोलीत. पंखा, आणि आम्ही. मला तुमचं ते पत्र आठवलं, आठ-आठ दिवसांचं. इथे आठ मिनिटंही जड जात होती.

तोच म्हणाला, "आबा, काय झालं ते तुम्ही मला एकदाही विचारलं नाही."

मी म्हटलं, "विचारायला तोंड उघडतो आणि ओरडणंच निघतं. मला येत नाही ते."

"मलाही येत नाही," तो म्हणाला.

आता हा उठेल, बॅग भरेल, असं दिसायला लागलं. मी घाईघाईने मोबाइल पुढे केला. म्हटलं, "हे रिबाउंड म्हणजे काय रे?"

"एवढे दिवस खेळताय आणि माहीत नाही?"

"नाही."

खोटं बोललो, भाऊ. रिबाउंड मला तुम्हीच शिकवलंत, तुमच्या सात फुटी माणसावरून. पण तो सरकून जवळ बसला. पाण्याचा पेला घेतला, बास्केट म्हणून पलंगावर ठेवला, पेपरचा बोळा केला आणि मला दाखवायला लागला. बोळा हुकला की कुठे पडतो, कोणी कुठे उभं राहायचं. भागाबाई दारातून बघत होती. तिला म्हणालो, तूही ये. ती म्हणाली, "मला बठ्ठं माहीत शे," आणि तरी येऊन बसली.

मधेच, बोळा हातात असतानाच, त्याने वृषालीचं सांगितलं. थोडं थोडं, माझ्याकडे न पाहता. मी मधे बोललो नाही. पण गप्पही बसलो नाही, "मग?" म्हणत राहिलो. एवढंच जमलं मला. "मग?" म्हटलं की तो पुढे बोलायचा. पासष्ट वर्षांत हे एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

साडेतीनला घरून निघायला हवं होतं. धुळ्याहून पुण्याला जाणारी प्रत्येक गाडी मला पाठ आहे. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं, त्याच्या पाठीमागे. मी काही बोललो नाही. पावणेचार झाले, चार झाले.

साडेचारला त्याने मान वळवली. "आबा, गाडी गेली."

"गेली का?" मी म्हटलं. "बरं, आता डिफेन्सचं सांग."

तुमचा,
अमृत